पोरीची झोप, बाबांचं रजिस्टर आणि डोक्यावरून जाणारी विमानं

आधीच सांगून टाकते, मी काही लष्कराच्या विरोधात वगैरे नाहीये. विमानाच्या आवाजाची तक्रार केली म्हटलं की लोक आधी तसंच बघतात म्हणून. उलट माझे बाबा ओझरच्या विमान कारखान्यातनं रिटायर झाले, अख्खी नोकरी मिगच्या ओव्हरहॉलमध्ये, आणि आमचं बालपण खिडकीच्या काचा थरथरल्या की "टेस्ट फ्लाइट आहे" असं म्हणून पुन्हा अभ्यासाला लागण्यात गेलं. शाळेत बाई शिकवताना विमान गेलं की खडू हातात धरून तशाच थांबायच्या आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. त्यामुळे मला आवाजाची सवय आहे असंच मी धरून चालले होते.

२०२२ मध्ये नवऱ्याला वेल्समध्ये नोकरी लागली, हॉस्पिटलात, आणि आम्ही डोलगेह्लायच्या बाजूला एका लहानशा गावात राहायला आलो. (हे ह्लाय म्हणजे जीभ ल म्हणायला लावायची आणि नुसती हवा सोडायची, मला दोन वर्षं लागली.) डोंगर, मेंढ्या, पाऊस, परत मेंढ्या. घर बघायला आलो तेव्हा एजंटने सगळं सांगितलं, छपराचं, सेप्टिक टँकचं, इंटरनेटचं. विमानांचं काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, असं कोण विचारतं.

आमचं गाव माख लूपच्या अगदी कडेला आहे. हे नाव वाचून सगळ्यांना वाटतं आवाजाच्या वेगाचं ते मॅक, पण तसं काही नाही, दक्षिणेला माखंह्लेथ नावाचं गाव आहे त्याच्यावरनं पडलंय. डोलगेह्लाय आणि माखंह्लेथच्या मधल्या दऱ्यांची एक गोल वाट तयार होते आणि तिच्यातून लढाऊ विमानं डोंगरांच्या मधून, खाली, वळणं घेत जायचा सराव करतात. खाली कशाला, तर डोंगराच्या आड राहिलं की शत्रूच्या रडारला दिसत नाही. किती खाली, तर जेट विमानांना २५० फुटांपर्यंत परवानगी आहे, म्हणजे साधारण ७६ मीटर. देशात तीन ठरावीक भाग असे आहेत जिथे त्याहून खाली, १०० फुटांपर्यंतही जाता येतं. डोंगरावर उभं राहिलात तर विमान तुमच्या पायाखालून जातं, पायलटचं हेल्मेट वरून दिसतं, आणि त्यासाठी युरोपभरातनं लोक भल्यामोठ्या लेन्स घेऊन येतात, ए४७० या हमरस्त्याच्या कडेला गाड्या लावून भर पावसात डोंगर चढून बसतात. पहिल्या वर्षी आम्हीही गेलो. मी तर व्हिडिओ काढून नाशिकला पाठवले होते, बाबा चार दिवस तेच बघत होते.

मग लेक झाली.

मार्च २०२५ मधला मंगळवार होता. ती अकरा महिन्यांची. इकडे काही जण पोरांना दुपारी बाहेर बाबागाडीत झोपवतात, थंडी असली तरी, आणि खरंच छान झोपतात, तर मी तिला मागच्या अंगणात झोपवून आत चहा टाकला होता, दार उघडंच होतं, आणि ते आलं. आवाज वाढत वाढत येत नाही, हे आधी समजून घ्या, ओझरला विमान धावपट्टीवरून उठायचं तेव्हा आधी घुरघुर सुरू व्हायची, मनाची तयारी व्हायची. इथे काही नाही, शांत, शांत, मेंढीचं बें, आणि मग एकदम आभाळ फाटल्यासारखं, कप माझ्या हातातनं सुटला, बाहेर धावले तोपर्यंत विमान समोरच्या धारेपलीकडे गेलं होतं आणि पोरगी रडतसुद्धा नव्हती. डोळे मोठे, तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना ताठ, श्वासच घेत नव्हती. दोन सेकंद असेल, तीन असेल. मग जी रडायला लागली ती अर्धा तास. ते नेमकं कुणाचं विमान होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे अंदाज आला तोही मी इथे लिहीत नाही, कारण इथून ब्रिटिश जातात, अमेरिकन जातात, शिकाऊ पायलट जातात, आणि मुद्दा तो नाहीचे.

पुढचे तीन आठवडे बाबागाडी बघितली तरी पाठ ताठ करायची. मिक्सर लावला की किंचाळायची. शेंगदाण्याचा कूट करायचा तर नवऱ्याने तिला घेऊन गाडीत बसायचं, असे दिवस.

शेजारचे आजोबा, सत्तरीतले, मेंढ्या आहेत त्यांच्या, त्यांना विचारलं. त्यांच्या मेंढ्या व्यायचे दिवस होते, रात्रभर जागे. ते म्हणाले, हे काहीच नाही, ऐंशीच्या दशकात यायला हवं होतंस, फँटम, जॅग्वार, नंतर टोर्नेडो, दिवसात किती जायची मोजायचो नाही आम्ही. मेंढ्यांचं काय, विचारलं. मेंढ्या शिकतात म्हणाले, विकत आणलेल्या नवीन तेवढ्या कुंपणाला धडका देतात. मला ते वाक्य फार लागलं. आम्ही म्हणजे विकत आणलेल्या नवीन मेंढ्या.

बाळाला तपासायला येणारी नर्स म्हणाली, तक्रार करता येते, अगं सरळ ईमेल करायचा. मला वाटलं चेष्टा करतेय. आपल्याकडे गणपतीत डीजेची तक्रार करायची तर आधी आपलं नाव कुणाला कळणार नाही ना याची खात्री करतो, आणि इथे हवाई दलाची तक्रार? पण खरंच आहे. इथल्या संरक्षण खात्याचा फक्त लो फ्लाइंगच्या तक्रारींसाठी एक विभाग आहे, सरकारी साइटवर पत्ता आहे, काय काय लिहायचं तेही दिलंय. नाव, पत्ता, पोस्टकोड, त्रास कुठे झाला, तारीख, वेळ, विमान ओळखता आलं तर त्याचं वर्णन.

मी त्याच रात्री लिहायला बसले. दीड पानाचं लिहिलं, पोरीचे डोळे, माझा फुटलेला कप, आई म्हणून मला काय वाटलं, सगळं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "छान आहे, पण वेळ कुठेय?" वेळ नव्हती. वेळ कुणी बघितली होती? दुपार होती. तारखेचीही खात्री नव्हती कारण तो मंगळवार पंचवीस तारखेचा की अठराचा ते आठवेना. तरी पाठवलं मी तसंच. चारच दिवसांत उत्तर आलं, अतिशय सभ्य, त्रासाबद्दल वाईट वाटलं, पण तपास करायचा तर नेमकी तारीख आणि वेळ लागेल, शक्य तेवढी मिनिटाबरोबर, आणि ठिकाण नकाशावरच्या ग्रिड रेफरन्सने दिलंत तर बरं कारण तुमचा पोस्टकोड बराच पसरलेला आहे. तो खरंच पसरलेला आहे, आमच्या एका पोस्टकोडात सहा शेतं आणि एक चर्च येतं.

तेव्हा मी साइट नीट वाचायला बसले आणि कितीतरी गोष्टी कळल्या. २००० फुटांच्या खाली विमान उडालं की त्याला लो फ्लाइंग म्हणतात. अख्खा देश नंबर दिलेल्या भागांमध्ये वाटलाय, वेल्सचा बहुतेक भाग सात नंबरात. मोठी शहरं टाळायची, विमानतळ टाळायचे, शनिवार रविवारी शक्यतो जेट खाली आणायचे नाहीत. हे सगळं बरोबरच वाटतं वाचताना, पण मग शहरं टाळली की उरतं काय, तर आम्ही. माणसं कमी म्हणजे त्रास कमी असा तो हिशोब आहे आणि कागदावर तो बरोबर आहे, पण ज्या एका घरावरून जातं त्या घराला तो शंभर टक्केच होतो ना. वेळापत्रकही निघतं, पण ते त्या १०० फूटवाल्या सरावाचं आणि रात्रीच्या उड्डाणांचं. आमच्यावरून जाणारं दुपारचं नेहमीचं विमान त्यात नसतंच. मला तर तेवढंच हवं होतं, की बाई, आज अकरा ते एकमध्ये येणार आहे, तुझी पोरगी आत झोपव.

मे महिन्यात बाबा आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आई आली नाही, तिला गुडघ्यामुळे प्रवास नको होता. बाबा आले ते वातावरणच घेऊन आले, ऑपरेशन सिंदूर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, त्यांच्या डोक्यात तेच. मी तक्रारीचं सांगितल्यावर जेवता जेवता थांबले.

"तिकडे बॉर्डरवरची माणसं ब्लॅकआउटमध्ये रात्री काढत होती, आणि तू दुपारची झोप मोडली म्हणून विमानाची तक्रार करतेस?"

"बाबा, माझी झोप नाही, तिची."

"पायलट काय हवेत शिकणार का?"

"मग कुठे शिकतात?" असं नवरा म्हणाला आणि हसला, पण बाबा नाही हसले. दोन दिवस आमच्यात नीट बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन अंगणात उभे होते आणि एक गेलं. मी खिडकीतनं बघत होते. बाबा, ज्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली, त्यांनी खाली बसून तिला पोटाशी धरलं, तिचे कान दाबले, आणि आवाज गेल्यावरही तसेच बसून राहिले. आत येऊन काही बोलले नाहीत, वहीचं एक पान घेतलं आणि गणित मांडलं. विमानाचा वेग ४५० नॉट धरला, म्हणजे सेकंदाला साधारण २३० मीटर. आवाज सेकंदाला ३४०. सपाटीवर विमान दोन किलोमीटरवर असताना निघालेला आवाज आपल्याला सहा सेकंदांनी ऐकू येणार आणि विमान पावणेनऊ सेकंदांनी डोक्यावर, म्हणजे मध्ये पावणेतीन सेकंद. पण आपल्याकडे सपाटी कुठाय, ती धार सहाशे मीटरवर आहे, विमान तिच्या मागून निघणार, म्हणजे सूचना मिळते एक सेकंदापेक्षा कमी. कागद माझ्यापुढे सरकवला. "आवाज मोठा आहे हा प्रॉब्लेम नाही. आवाज विमानाबरोबरच येतो हा आहे."

आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातनं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले.

ते रजिस्टर म्हणजे काय सांगू. रकाने आखलेले, तारीख, वेळ (मिनिटासह), कुठून कुठे, इंजिनं, शेपट्या, उंची अंदाजे, आणि शेवटी शेरा. बाबांना विमान दिसायच्या आत आवाजावरून कळायचं एक इंजिन की दोन. हॉक आला की "हा पोरगा शिकतोय" म्हणायचे, कारण अँगलसी बेटावरच्या व्हॅली या हवाई तळावर त्याच हॉकवर लढाऊ पायलटांचं शिक्षण होतं, आणि आपण हॉक घेतले तेव्हा आपलेही कितीतरी पायलट तिथेच शिकले होते. दोन शेपट्यांचं अमेरिकन एफ-१५ आलं की "आपल्या सुखोईसारखं" असं म्हणून चेहरा खुलायचा, टायफून आलं की त्याच्या पुढच्या लहान पंखांबद्दल ऐकावं लागायचं. शेऱ्याच्या रकान्यात मी पोरगी जागी झाली, रडली, दहा मिनिटं, असं लिहायचे. बाबा लिहायचे, "वळण उत्तम."

सहा आठवडे चाललं हे. कधी सलग पाच दिवस एकही नाही, ढग असले की नाहीच, आणि मग लख्ख ऊन पडलं की एका दुपारी नऊ. मी फोनवर आवाज मोजायचं ॲपही लावून बघितलं पण बाबांनी ते निकालात काढलं, फोनचा माइक तेवढ्या आवाजाला आधीच हात टेकतो म्हणाले, तो आकडा लिहू नकोस, खोटा पुरावा दिला की खराही जातो.

जुलैमध्ये दुसरी तक्रार पाठवली. या वेळी पाऊण पान, कप नाही, डोळे नाहीत. सात घटना, मिनिटांसकट, ग्रिड रेफरन्ससकट, आणि शेवटी एकच विनंती, लहान मुलं असलेल्या घरांना आदल्या दिवशी तरी ढोबळ वेळ कळेल अशी काही सोय होईल का. साधारण तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सातपैकी सहा वेळा विमानं त्या भागात असल्याचं नोंदीत सापडलं, म्हणजे बाबांचं घड्याळ बरोबर होतं, पण उंचीचा नियम कुणी मोडलेला दिसत नाही. हवामान आणि इतर कारणांनी बेत ऐनवेळी बदलतात म्हणून आधी वेळ सांगता येत नाही. एखाद्या घराला टाळायचं ठरवलं तर तेच ओझं दुसऱ्या घरावर जातं. असं सगळं, मऊ शब्दात. सातव्या घटनेची नोंद सापडली नाही. बाबांना तेवढंच लागलं. "सातवं होतं. मी बघितलंय. दोन इंजिनं." आठवडाभर तेच.

खरं सांगायचं तर ते उत्तर वाचून माझा राग थोडा उतरलाच. कुणीतरी खरोखर बसून माझ्या सात ओळी त्यांच्या नोंदीशी ताडून बघितल्या होत्या. पण मला हवं होतं ते मिळालं नव्हतं, तेही खरं.

मग सप्टेंबरमध्ये गावाच्या कौन्सिलच्या मीटिंगला गेले. इथली मीटिंग वेल्श भाषेत चालते, आमच्यासारख्यांना कानात लावायला यंत्र देतात आणि मागे एक बाई बसून हळू आवाजात इंग्रजी करून सांगतात. विमानाच्या आवाजाबद्दल बोलायला कानात यंत्र घालून बसायचं, बाबांना याची फार मजा वाटली. पंधराएक माणसं होती. मला वाटलं होतं सगळे माझ्या बाजूने असतील. छे. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणारी बाई म्हणाली माझी निम्मी खोल्यांची बुकिंग फोटोवाल्यांची आहे, कृपा करून काही बंद पाडू नका. घोडे असणारी एक मुलगी म्हणाली ती दोनदा पडलीय आणि आता रस्त्यावर फक्त शनिवारी रविवारी जाते. एक गृहस्थ शेवटपर्यंत गप्प होते, मग उठून एवढंच म्हणाले की ते स्वतः सैन्यात होते, आणि विमान गेल्यावर त्या दिवशी त्यांच्याने काही होत नाही, आणि हे त्यांनी आजवर गावात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, भाषांतरवाल्या बाईसुद्धा.

शेजारचे मेंढीवाले आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, हिला विमान बंद करायचं नाहीये, हिला वेळ हवीये, वेळ मागण्यात काय गैर आहे, आम्ही औषध फवारायचं तर शेजाऱ्याला सांगतो की. मला एकदम भरून आलं, विकत आणलेल्या मेंढीला कळपाने आत घेतल्यासारखं. शेवटी एक पत्र लिहायचं ठरलं, खासदाराला आणि संरक्षण खात्याला, ढोबळ वेळा कळवता येतील का विचारणारं. पत्र गेलंय. त्याचं पुढे काय झालं ते झालं की लिहीन.

दरम्यान आम्ही आमच्यापुरतं बदललं. झोप पुढच्या खोलीत. अंगणात जायचं तर कानावर लाल इअर डिफेंडर, मोठ्या हेडफोनसारखे दिसतात, दाराशेजारच्या खुंटीला लावलेले असतात आणि ती आता स्वतः काढून आणते. मिक्सरला घाबरत नाही. बाहेर फिरायला शक्यतो शनिवार रविवार. इथल्या रस्त्यांवर जागोजागी मोठ्या पांढऱ्या अक्षरात हळू जा असं वेल्शमध्ये रंगवलेलं असतं, उच्चार जवळपास "अरव" असा. बाबांना कळल्यापासून ते रोज म्हणायचे, संस्कृतात अरव म्हणजे ज्याला आवाज नाही ते, हे वरच्यांना दिसेल असं रंगवायला पाहिजे.

२६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून बघितला, नात मांडीवर. काही बोलले नाहीत, मधेच चष्मा काढून पुसला. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं तर त्या तारखेला त्यांनी एकच ओळ लिहिली होती. मिग-२१, एक इंजिन, एक शेपटी, आणि वेळेच्या रकान्यात, ६२ वर्षं. शेरा रिकामा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते परत गेले. रजिस्टर माझ्याकडे ठेवून गेले आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर एकच मेसेज, "आज किती?" मी लिहिते, दोन, हॉक. किंवा शून्य, पाऊस.

१७ ऑक्टोबरला ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए चं उड्डाण होतं, संरक्षणमंत्री आले होते. आमची सकाळ, पोरगी नाश्त्याला बसलेली, बाबांचा व्हिडिओ कॉल. टीव्ही लावून बसलो होतो म्हणाले, पण आवाज खिडकीतून आधी आला आणि टीव्हीवर विमान नंतर उठलं, लाइव्ह म्हणतात आणि मागे असतं, ऐक, ऐक, परत येतंय, आणि फोन खिडकीबाहेर धरला. आमच्या स्पीकरमधून ती घरघर यायला लागली. पोरगी खुर्चीतनं उतरायची खटपट करायला लागली म्हणून मी तिला खाली ठेवलं. ती धावत दारापर्यंत गेली, खुंटीवरून इअर डिफेंडर ओढून काढले, परत आली, आणि ते फोनला घातले.

"अगं काय झालं," बाबा तिकडून ओरडत होते, "मला काही दिसेना!"